सायकलवरून नर्मदा परिक्रमा: रस्त्यावरचा एक दिवस कसा लावायचा

सायकलने परिक्रमेला निघणाऱ्यांचं गणित बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच कोलमडतं. घरी रविवारी १०० किलोमीटर सहज होतात, रस्त्याने परिक्रमा ३००० किलोमीटर आणि वर, म्हणजे महिनाभरात परत, असा सरळ भागाकार केलेला असतो. तो चुकतो, आणि त्यात रस्त्याचा दोष थोडाच असतो. इथे माणसं थांबवतात. दर पाच-सात किलोमीटरला कुणीतरी हात वर करून ‘नर्मदे हर’ म्हणतं, खाट पुढे ओढतं, चहा ठेवतं. शंभराचा आकडा गाठायचा तर हे सगळं नाकारत जावं लागतं, आणि मग सायकल चालवायला पुणे-सातारा रस्ता काय वाईट होता?

म्हणून दिवसाला ६० ते ७० किलोमीटर धरा. चढाच्या किंवा कच्च्या रस्त्याच्या दिवशी ४०. एकूण ५० ते ५५ दिवस हाताशी ठेवा आणि त्यात दर आठवड्याला एक दिवस कपडे, सायकल आणि पाय यांच्यासाठी मोकळा राहू द्या.

नदी उजव्या हाताला

परिक्रमेचे नियम पुष्कळ आहेत आणि आश्रमाआश्रमाप्रमाणे थोडेफार बदलतात. सायकलवाल्याला रोज अडवणारा नियम एकच: नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प सोडला की पश्चिमेकडे बडवानी, खेतिया, मग आपलं शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा, पुढे राजपीपला करत समुद्र गाठायचा. तिथून नावेने उत्तर तट. मग पूर्वेकडे भरूच, नारेश्वर, टेंबे स्वामींची समाधी असलेलं गरुडेश्वर, अहिल्याबाईंचं महेश्वर, नेमावर, जबलपूर करत अमरकंटक, आणि उगमाला वळसा घालून दक्षिण तटाने नर्मदापुरमवरून परत ओंकारेश्वर. ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर आहे, त्यामुळे परिक्रमा चालू असेपर्यंत तिथे जायचं नाही; दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचं दर्शन घेऊन निघतात. उपनद्या ओलांडायला हरकत नसते. चातुर्मासात परिक्रमा थांबते, म्हणून निघायचं ते कार्तिकी एकादशीनंतर.

हा नियम मोबाइलच्या नकाशाला माहीत नसतो. त्याला जवळचा रस्ता हवा असतो, आणि जवळचा रस्ता बऱ्याचदा पुलावरून जातो: नर्मदापुरम-बुधनी, हंडिया-नेमावर, मोरटक्का-बडवाह, बरमान. ‘इथून तिथे’ अशी दोनच नावं टाकलीत तर तो तुम्हाला निवांत पलीकडे नेऊन सोडतो. उपाय सोपा आहे, पण आदल्या रात्रीच करायचा. दर १५ ते २० किलोमीटरला आपल्याच तटावरचं एक गाव मध्ये टाका, आणि प्रत्येक तुकडा मोठा करून नदीची निळी रेघ कुठे कापली जातेय का ते बघा. मग तेवढा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण काठाच्या गावांत रेंज जाते-येते. गावांची नावं एका चिठ्ठीवर लिहून हँडलजवळच्या पिशवीत ठेवलीत तर आणखी बरं. चिठ्ठी दाखवली की चौकातली चार माणसं एकदम कामाला लागतात. मोबाइल दाखवला की फक्त एक पोरगा पुढे येतो आणि तोही त्याच नकाशात बघतो.

धरणांच्या फुगवट्याजवळ जास्त सावध राहायचं. इंदिरा सागरच्या पाण्याखाली २००४ साली हरसूद हे अख्खं शहर गेलं. नवं हरसूद छनेराजवळ वसलं. त्या पट्ट्यात जुन्या आठवणीवर किंवा जुन्या छापील नकाशावर विसंबून निघालात तर रस्ता थेट पाण्यात उतरतो.

रस्ता विचारायचीही पद्धत आहे. ‘परिक्रमा का रास्ता’ विचारलंत तर लोक तुम्हाला पायी जाणाऱ्यांची वाट दाखवतील. ती शेतांच्या बांधावरून, वाळूतून, नाल्यांतून काठाकाठाने जाते आणि तिथे भरलेली सायकल ढकलताना दोन तासांत चार किलोमीटर होतात. त्यापेक्षा विचारा, ‘मोटरसाइकिल जाती है क्या?’ जात असेल तर सायकलही जाईल. ‘ट्रॅक्टर जाता है’ असं उत्तर आलं तर समजायचं की पुढे फुफाटा किंवा चिखल आहे. अंतराच्या बाबतीत ‘बस, दो किलोमीटर’ हे उत्तर दोनपासून नऊपर्यंत काहीही असू शकतं. दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा आणि मोटरसायकलने किती मिनिटं लागतात ते विचारा. मिनिटांत सहसा कुणी चुकत नाही.

सकाळी निघण्याआधी

आश्रमात चारला हालचाल सुरू होते. पायी चालणारे अंधारातच आंघोळ, पूजा उरकून बाहेर पडतात. त्यांच्या मागे लागून सायकलवाल्याने अंधारात निघू नये. जानेवारीत मध्य प्रदेशात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, आणि नदीकाठी धुकं कधीकधी नऊपर्यंत रेंगाळतं. समोरचा पूल दिसत नसेल तर सरळ दुसरा चहा घ्यायचा. धुक्यात मागचा लाल दिवा ट्रकवाल्याला दिसतो तो फार उशिरा.

नर्मदेत साबण लावायचा नाही. बादली भरून घाटापासून दूर, पाणी परत नदीत वाहून जाणार नाही अशा जागी आंघोळ करायची. घाटाच्या कडेला बसून तेलकट चेन धुणारे महाभागही असतात. त्यांना गावकरी काही बोलत नाहीत, पण पुढच्या सायकलवाल्याला आसन, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाची जागा, देताना त्यांच्या कपाळावर आठी येते.

सायकलची तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती रोज व्हायलाच हवी. दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघा. ४२ मिलिमीटरच्या टायरला, माणूस ७० किलोचा आणि सामान १५ किलोचं असेल तर, मागे ५५ आणि पुढे ४५ पीएसआय बरोबर बसतं. त्याहून जास्त हवा भरली की खडीच्या रस्त्यावर हात बधिर होतात; कमी असली की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते. मग चाक उचलून फिरवा आणि ब्रेकला लागून आवाज येतो का ऐका. मागच्या चाकाच्या, चेनच्या बाजूच्या तारा दोन-दोन करून चिमटीत दाबा. एखादी लोंबकळली असेल तर ती हातालाच कळते. शेवटी कॅरिअरचे बोल्ट. पाच मिलिमीटरचे हे छोटे बोल्ट थरथरीने रोज थोडे-थोडे सैल होतात. एक पडला की सगळा भार उरलेल्यांवर येतो, दुसरा दुपारपर्यंत तुटतो, आणि तुटलेल्या बोल्टचा तुकडा फ्रेमच्या भोकात अडकून बसतो. तो काढायला ड्रिल लागतं. निघण्याआधी घरीच या बोल्टना थ्रेड-लॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा आणि चार जादा बोल्ट टूलकिटमध्ये टाका.

चेन रोज कोरड्या फडक्याने पुसायची. तेल दर १५० ते २०० किलोमीटरला पुरे. प्रत्येक कडीवर एक थेंब, पॅडल उलटं २० वेळा फिरवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. काठची माती पिठासारखी बारीक असते. तेलावर ती बसली की त्याचा लेप बनतो आणि चेन, दात, डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) सगळं घासून निघतं. रस्त्यात कुणी प्रेमाने इंजिन ऑइल देऊ केलं तर नम्रपणे नको म्हणा. अगदीच नड असेल तर शिलाई मशिनचं तेल बरं.

चहा

सकाळच्या पहिल्या २० किलोमीटरमध्ये तीन-चार चहा होतात. ‘बाबाजी, चाय प्रसादी पा के जाइए,’ अशी हाक येते. तुम्ही २५ वर्षांचे असलात आणि अंगात चट्टेरीपट्टेरी जर्सी असली तरी इथे बाबाजीच. बाई असलात तर माताराम किंवा मैया. हाक आली की निदान सायकल थांबवून, एक पाय जमिनीला टेकवून ‘नर्मदे हर’ म्हणायचं. घंटी वाजवून किंवा हात हलवून पुढे जाणं वाईट दिसतं. वेळ नसेल तर ‘आधा कप’ म्हणा. अर्ध्या कपात दहा मिनिटं जातात आणि कुणाचं मन मोडत नाही. दहा गोड चहांनंतर पोटात जळजळ सुरू होते, म्हणून सकाळी अकरा वाजल्यानंतर ‘चाय हो गई, पानी पिला दीजिए’ हे वाक्य कामी येतं. पाणी पाजण्यालाही तिथे चहाइतकंच महत्त्व आहे.

तेवढ्या दहा मिनिटांत तुमच्याबद्दलचे प्रश्न ठरलेले असतात: कुठले, किती दिवस झाले, घरी कोण, सायकल कितीची. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवून ठेवा. ४० हजार म्हटलं की मोटरसायकल का नाही घेतली यावर पंचायत बसते आणि पुढच्या गावात ती सायकल लाखाची झालेली असते. ‘दोस्त की है’ किंवा ‘पुरानी ली है’ यात भागतं. आणि घेतलीत ती खरंच जुनी असेल तर उत्तमच, कारण परिक्रमेला महागडी सायकल लागत नाही. पुढे सस्पेन्शन नसलेली, ३६ तारांची चाकं, तारेवर चालणारे ब्रेक आणि पुढचं सर्वांत लहान चक्र मागच्या सर्वांत मोठ्याहून छोटं, एवढं असलं की अमरकंटकचा चढही बसून चढता येतो. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल गळलं तर जबलपूरसारख्या मोठ्या शहराशिवाय दुरुस्ती मिळेल अशी आशा नको.

पंक्चर

निमाडात, म्हणजे खरगोन-बडवानीच्या पट्ट्यात, बांधाबांधाला बाभळी आहेत. छाटलेल्या फांद्या बैलगाडीतून नेताना काटे रस्त्यावर पडतात. त्यात सराटा, तिकडचा गोखरू, कच्च्या कडेला पसरलेला असतो. समोरून वाहन आलं म्हणून डांबर सोडून खाली उतरलात की दहा मीटरमध्ये पाच-सहा काटे बसतात. टायरच्या आत लायनर पट्टी घाला. सराटा अडतो, बाभळीचा लांब काटा कधीकधी तिलाही जुमानत नाही. कडेला उतरलात तर परत डांबरावर येताच थांबून टायर हाताने फिरवा आणि काटे उपटा. मोडलेला काटा नेलकटरच्या टोकाने किंवा छोट्या चिमट्याने बाहेर ओढायचा.

पंक्चर झालंच तर घाई करू नका, कारण दुसऱ्यांदा होणारं पंक्चर बहुतेक वेळा पहिल्याच काट्याचं असतं. ट्यूब काढताना टायर आणि ट्यूबची जागा लक्षात ठेवा. टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्वसमोर बसवायची सवय लावलीत तर ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरमधली जागाही सापडते. टायरच्या आतून बोट फिरवण्याआधी कापसाचा बोळा फिरवा. काट्याचं टोक कापसात अडकतं आणि बोट वाचतं. कापूस तर तिथे शेताशेतात आहे. मग ट्यूबवर पॉलिश कागद घासून चमक घालवा, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकटत नाही, फक्त ओढ जाणवते, अशी अवस्था आली की पॅच दाबायचा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच दुपारी ऊन वाढलं, ट्यूब तापली की कडेने सुटतो. टायर परत चढवताना शेवटचा इंचभर भाग हाताच्या तळव्यांनीच ढकला; लिव्हर लावलीत तर नव्या ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात.

हे सगळं तुम्ही करत असताना भोवती सात-आठ माणसं जमलेली असतील आणि त्यातला एक जण तुमच्या हातातून चाक घेईलही. घेऊ द्या, त्याचा हात तुमच्यापेक्षा सराईत असतो. लक्ष एवढंच ठेवायचं की तो टायर काढायला स्क्रू-ड्रायव्हर वापरणार नाही.

वॉल्वचं आधीच बघून ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटरसायकलच्या जाड वॉल्वला बसतो. सायकलला बारीक, लांब वॉल्व असेल तर पितळेचा अॅडॉप्टर जवळ हवा. तो छोटासा तुकडा हरवतो म्हणून दोन घ्या. गावात मिळणारी ट्यूब २८ × १½ मापाची, म्हणजे दूधवाल्यांच्या काळ्या सायकलची. तिचं रिम ६३५ मिलिमीटरचं, आपल्या ७०० सी मापाच्या सायकलचं ६२२. रिमचं भोक जाड वॉल्वचं असेल तर ही ट्यूब ३८-४० मिलिमीटरच्या टायरमध्ये नडीला घालता येते. टायर मात्र बसणार नाही, म्हणून घडी होणारा एक जादा टायर मागच्या पिशवीत असू द्या.

मागच्या चाकाची तार तुटली तर तिचा तुकडा शेजारच्या तारेभोवती गुंडाळा, तुटलेल्या तारेच्या लगतच्या, पण चाकाच्या दुसऱ्या बाजूने येणाऱ्या दोन तारा अर्धा-अर्धा फेरा सैल करा, सामान पुढच्या कॅरिअरवर हलवा आणि तहसिलीच्या गावापर्यंत हळू जा. योग्य लांबीच्या तीन तारा घरूनच न्यायच्या. तिथे मिळणाऱ्या काळ्या सायकलच्या तारा लांबीला जुळत नाहीत.

दुपार

आश्रमात भोजन प्रसादी साधारण ११ ते १ मध्ये होते. दीडला पोचलात तर कुणी उपाशी ठेवणार नाही, पण चूल पुन्हा पेटवावी लागते. साडेअकराला नदीकाठच्या एखाद्या आश्रमाजवळ असू अशी सकाळची आखणी करा. इथे सायकलवाल्याची एक अडचण आहे: आश्रम काठावर आहेत आणि डांबरी रस्ता बऱ्याच ठिकाणी पाच-दहा किलोमीटर आत. जेवायला खाली उतरायचं म्हणजे परत तेवढंच वर चढायचं. म्हणून दुपारचं जेवण रस्त्यावरच्या देवळात किंवा अन्नक्षेत्रात आणि रात्रीचं आसन काठावर, अशी वाटणी केली तर दिवसाला एकच उतार-चढ होतो.

जेवण म्हणजे डाळ, भाजी आणि टिक्कड. टिक्कड म्हणजे जाडजूड रोटी. दोन खाल्ले की पोट भरतं, चार खाल्ले की सायकल चालत नाही. अलीराजपूर-कुक्षीकडे मक्याचे पानिये मिळाले तर सोडू नका. पानात टाकायचं नाही, स्वतःचं ताट-वाटी-पेला सोबत ठेवायचा आणि स्वतःच घासायचा. कांदा-लसूण मागू नये. काही ठिकाणी शिजवलेलं देण्याऐवजी सदाव्रत देतात: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, कधी गूळ. एका वेळेपुरतंच घ्या. ‘आगे काम आएगा’ म्हणून आग्रह होतो, पण दोन किलो पीठ मागच्या चाकाला आणि परिक्रमेच्या रीतीला, दोन्हींना जड जातं.

थंडीतही दुपारचं ऊन कोरडं असतं आणि घाम जाणवत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून दुपारी ती बाटली संपवा. काही जण फक्त नर्मदेचं पाणी प्यायचा नेम करतात. नेम करायचाच तर पाणी उकळून किंवा फिल्टरमधून घ्या. जुलाब लागले की तीन दिवस जातात आणि त्या तीन दिवसांचं ओझं तुम्हाला आसरा देणाऱ्यावर पडतं.

जेवणानंतर पोरं जमतात. त्यांना सायकल चालवून बघायची असते. देणार असाल तर आधी पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला लटकवलेल्या पिशव्या, काढा, गिअर मधल्या दातावर ठेवा, मागचा ब्रेक कुठला ते दाखवा आणि ‘गिअर को हाथ नहीं लगाना’ असं सांगा. उभ्या सायकलचा गिअर बदलून जोर लावला की डिरेलर वाकतो, आणि पोरं पहिल्यांदा तेच करतात. द्यायची नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. रेंगाळलात तर तुम्ही पाणी प्यायला गेल्यावर ती चालवली जाणारच.

मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटायची रीत आहे. चालत्या सायकलवरून ती कधीही फेकू नका. पोरं वाहनासमोर धावतात. थांबा, रस्त्यापासून आत जा आणि हाताने द्या, शक्यतो घरातल्या मोठ्या माणसासमोर.

दुपारनंतरचा रस्ता

नरसिंहपूर, करेली, गाडरवारा हा उसाचा मुलूख. करेलीचा गूळ नावाजलेला आहे आणि डिसेंबर-जानेवारीत गुऱ्हाळं जोरात असतात. तिथे थांबून रस प्यायलात तर पैसे घ्यायला बहुतेक जण नाही म्हणतात. पण त्याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्या रस्ता व्यापून असतात. ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो आणि ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या जोरात की घंटी, हाक काही ऐकू जात नाही. मागून ट्रॉली आली तर डांबर सोडा. पुढे असेल तर तिच्या मागच्या आडोशाला चिकटून जायचा मोह टाळा. ट्रॉलीला ब्रेक-लाइट नसतो.

वाटेत कुणी मोटरसायकलवाला ‘हाथ पकड़ लो, खींच देता हूँ’ म्हणतो. मनापासून म्हणतो. तरी धरू नका. कुणी स्थानिक सायकलवाला सोबत आला तर मात्र जरूर चला, पण वेग त्याच्याकडे द्या आणि दोन सायकलींत तीन मीटर अंतर ठेवा. तो गप्पा मारायला शेजारी येतो आणि हँडलं एकमेकांत अडकतात. मागून वाहनाचा आवाज येताच तुम्हीच मागे व्हा. कुत्री अंगावर आली तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये घ्या आणि चालत पुढे जा. चाक फिरायचं थांबलं की बहुतेकांचा रस संपतो.

आसन

चारला थांबायची जागा शोधायला लागा, पाचला सायकल भिंतीला टेकलेली असावी. जानेवारीत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. अंधारात आलेल्या अनोळखी माणसाकडे गाव संशयाने बघतं, उजेडात आलेल्याकडे कौतुकाने. विचारायचं एवढंच: ‘नर्मदे हर महाराज, आज का आसन मिलेगा?’ आश्रम नसेल तर देऊळ, शाळा, पंचायत भवन किंवा सरपंचाचं घर, याच क्रमाने विचारा. गावात शिरताच पारावर किंवा किराणा दुकानासमोर बसलेल्या म्हाताऱ्यांपाशी आधी थांबा. त्यांनी एकदा ‘यहीं रुक जाओ’ म्हटलं की पुढचं सगळं आपोआप लागतं. आधार कार्डाच्या दोन-तीन झेरॉक्स जवळ ठेवा, बऱ्याच ठिकाणी वहीत नोंद करतात.

बाई एकटी असेल किंवा दोघी असतील तर धर्मशाळेपेक्षा घर बरं. दुकानातल्या पुरुषांऐवजी घरातल्या बाईलाच विचारा. अंगणात खाट न मागता आत, बायकांच्या खोलीत जागा मागायला संकोच नको.

पायी आलेल्यांना आधी जागा. ते २० किलोमीटर चालून येतात आणि पुढचा आश्रम त्यांना आज गाठता येणार नसतो. तुम्ही सायकलवर पाऊण तासात पुढे जाऊ शकता. खोली भरत आली असेल तर ओसरीवर पथारी टाका. शून्य ते पाच अंशांची स्लीपिंग बॅग आणि खाली फोमची चटई असली की भागतं. अमरकंटक-डिंडोरीकडे जानेवारीत दंव गोठतं, तिथे मात्र आश्रमाचं एक ब्लँकेट मागून घ्या. तंबू बहुतेकांचा घडी न उघडता परत येतो. मच्छरदाणी रोज लागते. नदीकडे पाय करून झोपू नये.

पोचल्यावर आधी जेवणाच्या तयारीला हात लावा: भाजी चिरा, पाणी भरा, झाडू मारा. सायकलची कामं त्यानंतर. संध्याकाळच्या पूजेला सोबतच्या कुपीतलं नर्मदाजल पुढे ठेवतात. ही कुपी हँडलच्या पिशवीत, कापडात गुंडाळून, उभी ठेवायची. चार्जिंगसाठी एकच बोर्ड आणि दहा फोन असतात, म्हणून पॉवर बँक लावा आणि फोन रात्री तिच्यावर चार्ज करा.

पैशाचं. आश्रमात दानपेटी असते, तिथे ऐपतीप्रमाणे टाका. घरात राहिलात तर नोट पुढे करू नका, अपमान वाटतो. निघताना घरातल्या लहान मुलीच्या हातावर काही ठेवता येतं. कन्येला द्यायची रीतच असल्याने ते कुणाला खटकत नाही. एखाद्या छोट्या अन्नक्षेत्राची डाळ संपत आलेली दिसली तर जवळच्या दुकानातून पाच किलो तूरडाळ पोचती करा. रोख रकमेपेक्षा हे बरं, ती उद्या कुणाच्या तरी ताटात जाते.

नावेचा दिवस

वरच्या वेळापत्रकात न बसणारा दिवस एकच, समुद्र ओलांडण्याचा. हांसोट तालुक्यातल्या विमलेश्वर-कठपोरहून नाव सुटते आणि दहेजच्या बाजूला मिठीतलाईला लावते. ती भरतीवर सुटते, त्यामुळे वेळ रोज बदलते, पहाटे तीनचीही असू शकते. आदल्या दुपारीच पोचून नाव नोंदवा आणि सायकल घेणार का ते तेव्हाच नाववाल्याशी बोला, कारण गर्दी असेल तर तो पुढच्या नावेवर टाकतो. प्रवास तीन-चार तासांचा. चढता-उतरताना गुडघाभर चिखल लागतो. पॅनिअर काढून प्लास्टिकच्या पोत्यांत बांधा, पॅडल काढून ठेवा, सीट खाली करा आणि सायकल डिरेलर वर येईल अशी आडवी घाला. तिच्यावर कुणी बसू नये म्हणून स्वतः शेजारी बसा.

पलीकडे उतरल्यावर दर्शन, चहा जे काय असेल ते उरका, पण पुढे निघण्याआधी हातपंपावर सायकलवर दोन बादल्या गोडं पाणी ओता, चेन पुसून वाळवा आणि तेल घाला. खाऱ्या चिखलात भिजलेली चेन एका रात्रीत तांबडी होते.